दहा ग्रेडचा स्लॅब

आदरणीय दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्याउभ्याच केला आहे, तरी पूर्ण धरावा.) तुमची तब्येत ठीक असेल, वहिनींचा गुडघा आता जिना बघून कुरकुरत नसेल, आणि तुमच्या चष्म्याच्या दुकानात लोक अजूनही सगळ्या फ्रेमा घालून, आरशात सगळ्या बाजूंनी बघून, 'घरी विचारून येतो' म्हणून जात असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे आपलं पत्रात लिहायचं म्हणून लिहिलं. खरं बघायला गेलं तर मी खुशाल नाही, माझ्यामुळे तुमची बहीण खुशाल नाही, आणि तुमची भाची का खुशाल नाही ते पुढे येईलच. फोनवर सांगता आलं असतं, पण मैदान, चेंडू असला एखादा शब्द फोनवर कानावर पडला की तुमच्या दुकानात लगेच गिऱ्हाईक येतं. पत्राचं बरं असतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ते काउंटरवर थांबून राहतं.

तर आधी भाचीचं. ती कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे हे तुम्हाला माहीत आहे, जरी माहीत नसल्यासारखं तुम्ही दाखवत असलात तरी. (हे वेड माझ्याकडून आलेलं नाही. आमच्या घरातली माणसं चेंडू अंगावर आला तर बाजूला होऊन त्याला वाट देतात.) मागच्या सामन्यात अगदी शेवटी एक साधा, रमतगमत निघालेला चेंडू तिच्याकडे आला आणि तिच्या दोन पायांमधून जाऊन जाळ्यात विसावला. संघ हरला. पोरगी घरी आली, हातमोजे कपाटावर जुन्या बॅगांच्याही मागे फेकले आणि यापुढे खेळणार नाही म्हणून जाहीर केलं. त्यांच्या कोचबाई घरी येऊन समजावून गेल्या, मैत्रिणी येऊन रडून गेल्या. ही ढिम्म. घरात वावरते, जेवते, विचारलं तर उत्तर देते, पण सगळं कसं भाड्यानं राहिल्यासारखं. बाप म्हणून सांगतो, दादा, पोरीनं आदळआपट केलेली परवडते, हे असं शहाण्यासारखं वागणं बघवत नाही.

मग तुमच्या बहिणीनं तुमचं नाव काढलं. म्हणाली, तुझा मामाही गोलकीपरच होता, चांगल्या क्लबात होता, आणि त्याच्याही पायांमधून असाच चेंडू गेला होता. यावर भाचीनं आईकडे जरा कीव येऊन बघितलं. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस म्हणाली. मामा चष्मे विकतो. सोफ्यावरून टाकलेला रिमोटसुद्धा मामाला झेलता येत नाही. (हे तिचे शब्द आहेत. मी फक्त मान हलवली.) खरं असेल तर फोटो दाखव, म्हणाली. आता फोटो कुठून आणायचा? तुम्ही त्या सामन्यानंतर मैदानाकडे पाठ फिरवलीत ती फिरवलीतच, शिवाय घर सोडून जाताना घरातले सगळे फोटोही गोळा करून घेऊन गेलात. अल्बमच्या पानांवर डिंकाचे डाग तेवढे शिल्लक आहेत. डिंक दाखवून कुणाची खात्री पटते?

तेव्हा तुमच्या बहिणीला ती कार्डं आठवली. त्या काळी एक च्युइंगमवाली कंपनी प्रत्येक पाकिटात एका खेळाडूचं कार्ड घालायची, त्यात तुमचंही होतं म्हणे. राखीव गोलकीपर म्हणून. (तुम्ही क्लबात होतात तितका काळ बाकावर बसलात आणि एकदाच मैदानात उतरलात, हेही तिनंच सांगितलं. मी आजवर तुम्हाला बराच मोठा खेळाडू समजत होतो.) तर ठरलं असं की ते कार्ड शोधून आणायचं, पोरीच्या हातात ठेवायचं आणि हातमोजे कपाटावरून खाली आणायचे. पुढचा सामना व्हायच्या आत. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ही कार्डं आता फक्त ऑनलाइन मिळतात आणि घरात मोठ्या अक्षरांचा फोन माझ्याकडे आहे.

दादा, मी उभं आयुष्य सिमेंटवाले, वाळूवाले आणि सळईवाले यांच्याशी व्यवहार करण्यात घालवलं. मला वाटायचं, आपल्याला आता कुणी शेंडी लावू शकत नाही. कार्डं विकणाऱ्यांनी तो गैरसमज आठवड्याभरात दूर केला. मी पहिल्यांदा 'जुना राखीव गोलकीपर' असं लिहून शोधलं, तर मला हातमोजे दाखवले, मग जाळं दाखवलं, आणि शेवटी गुडघ्याला लावायचा पट्टा. (तो मी वहिनींसाठी मागवलाय, वेगळ्या टपालानं येईल.) मग एकानं त्या च्युइंगमच्या कार्डांची न उघडलेली पाकिटं विकायला ठेवलेली दिसली. त्यावर लिहिलं होतं, आत कोण निघेल सांगता येत नाही, नशिबाचा भाग आहे. मी नशिबावर विश्वास ठेवला. पहिल्या पाकिटात तुमच्याच क्लबातला तो मिशीवाला बचावपटू निघाला. दुसऱ्या पाकिटात मिशीवाला. तिसऱ्यात आणखी एक मिशीवाला, त्याच्या मिशीवर च्युइंगम चिकटलेलं. मी पाकिटं मागवत गेलो आणि तो येत गेला. आता तो आमच्या घरात फ्रिजवर आहे, टीव्हीखाली आहे, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे, आणि तुमची बहीण भाजी चिरताना त्याच्याशी माझ्याबद्दल बोलते.

तक्रार करायला गेलो तर तिथं माणूस नाही, एक मदतनीस म्हणून यंत्र आहे. ते फार गोड बोलतं. आपली अडचण समजली म्हणतं, मनापासून वाईट वाटलं म्हणतं, आणि आपलं समाधान झालं का म्हणून विचारतं. उत्तरासाठी खाली दोन बटणं असतात. एकावर 'हो' आणि दुसऱ्यावर 'हो, धन्यवाद'. मी पुष्कळ वेळ दोन्हींच्या मधल्या जागेवर बोट दाबून पाहिलं.

एवढ्यात लिलावात तुमचं कार्ड निघालं. तुमचं, खरंखुरं, जरा कोपरा दुमडलेलं. म्हटलं या कार्डासाठी माझ्याखेरीज कोण बोली लावणार? पण नाही. 'बारावा गडी' असं टोपणनाव घेतलेला एक इसम कुठूनसा उगवला. मी बोली लावायची की त्यानं माझ्या वर थोडीशी चढवायची. शेवटच्या घटकेपर्यंत गप्प राहायचं आणि लिलाव संपता संपता घास पळवायचा. मी घाईघाईत जास्त आकडा घालायला गेलो तर फोननं मला विचारलं, तुम्ही माणूस आहात का, असाल तर चित्रातले सगळे पूल ओळखा. मी व्यवसायानं बांधकामवाला, दादा. एक पूल खरं म्हणजे नाल्यावरची फरशी होती, त्याला पूल म्हणणं माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात कार्ड गेलं. पुन्हा एक निघालं, तेही त्यानंच नेलं. पुन्हा निघालं, पुन्हा तोच. या बाराव्या गड्याविषयी माझं मत झालंय ते सांगतो. हा कुणीतरी आडमुठा, हट्टी, घुम्या माणूस असणार. घरात कुणाशी धड बोलत नसणार. आणि रोज पेपर उलगडून तोंडापुढे धरत असणार, वाचायला नव्हे, लपायला. तुमचं काय मत आहे?

पण माझी खरी फजिती त्याच्यामुळे झाली नाही. ती झाली माझ्या धंद्यामुळे. एका दुकानदारानं मला संदेश पाठवला की तुमच्या गोलकीपरचं एक उत्तम कार्ड आलंय, बाकी कुणाला दाखवायच्या आधी तुम्हाला विचारतो. (ही कार्डं दुर्मीळ आहेत म्हणे. राखीव खेळाडू कुणालाच नको असायचे म्हणून कंपनीनं ती कमीच छापली. न चालणाऱ्या मालाला पुढे असा भाव येतो हे मला आधी कळतं तर मीही काही इमारती वेगळ्या बांधल्या असत्या.) मी लगेच हो म्हटलं. त्यावर त्यानं विचारलं, रॉ पाहिजे की स्लॅब?

आता तुम्हीच सांगा, ज्यानं आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर स्लॅब टाकले त्याला हा प्रश्न वाचून काय वाटावं? मला वाटलं माणूस आपल्याच लाइनमधला निघाला. मी बाणेदारपणे कळवलं की स्लॅबच, कच्चं काम मी कधी केलं नाही. तो खूष झाला. म्हणाला, छान, म्हणजे कार्ड स्लॅबच्या आत सील केलेलं असेल, कुणाला हात लावता येणार नाही. मी थक्क झालो. तुमच्या कार्डाला काँक्रीटमध्ये पुरून ठेवण्याइतकी किंमत आली, हे वाचून मला तुमच्याविषयी क्षणभर फार आदर वाटला. कार्ड काढायचं तर स्लॅब फोडावा लागणार, पण फोडायची माणसं माझ्याकडे आहेत. म्हणून पुढची चौकशी केली. ग्रेड काय? तो अभिमानानं म्हणाला, दहा.

दहा, दादा. दहा ग्रेडचं काँक्रीट आम्ही पायाखाली मातीवर अंथरायला वापरतो. त्याचा स्लॅब टाकणाऱ्याला मी साइटवर उभा करणार नाही. मी स्पष्ट कळवलं की वीसच्या खाली मला चालत नाही. मग तो म्हणाला, साहेब, दहाच्या वर ग्रेड जगात नाही. मी म्हटलं, जगात नाही? मी स्वतः पंचवीसचे टाकलेत, माझ्या हातानं. तो जरा नरमला असावा, कारण त्यानं एकदम 'सर' म्हणायला सुरुवात केली. मी विचारलं, पाणी नीट मारलंय ना? तो म्हणाला, सर, पाण्याचा थेंबही लागलेला नाही, लेखी हमी देतो. म्हणजे हा माणूस स्लॅबला पाणी मारत नाही आणि वर त्याची हमी देतो. माझं डोकंच फिरलं. शेवटी त्यानं चाचरत विचारलं की सर, तुम्ही ग्रेड कशी तपासता. मी सरळ सांगितलं, त्यात काय, नमुना घ्यायचा, मशीनमध्ये घालायचा आणि फुटेपर्यंत दाबायचा. त्यानंतर त्यानं माझा नंबर बंद करून टाकला.

मी घरात येरझारा घालत त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होतो, ते ऐकून भाची खोलीतून बाहेर आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं आणि माझ्या हातातून फोन घेऊन सगळं वाचलं. स्लॅब म्हणजे कार्डाभोवतीची पारदर्शक प्लास्टिकची डबी, तळहाताएवढी. ग्रेड म्हणजे कार्ड किती नवंकोरं राहिलंय त्याचे दहापैकी गुण. दहा म्हणजे पैकीच्या पैकी. हे ती मला सांगत होती, पण सांगता सांगता हसत होती, इतकी की भिंतीला टेकून खाली बसली. त्या सामन्यानंतर ती पहिल्यांदा हसली, दादा. तुमची बहीण हातातली पळी तशीच घेऊन दारात उभी राहिली. मग पोरीला एकदम आठवलं की हे सगळं कशासाठी चाललंय, आणि ती उठून परत खोलीत गेली. मी स्वतःला गाढव म्हणवून घ्यायला तयार आहे, रोज तयार आहे, पण ती गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फोनवरून दुकानदाराची क्षमा मागितली, माझा धंदा सांगितला. तो भला माणूस निघाला, तोही पोटभर हसला. पण कार्ड गेलं होतं. कुणी नेलं हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. बारावा गडी. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की रिकाम्या हातानं परत कसं यायचं म्हणून मी त्याच्याकडून एक दुसरा स्लॅब विकत घेतला. आत कोण होता ते लिहीत नाही, मिशी आहे एवढंच सांगतो.

असो. तुमचं कार्ड दुसऱ्यानं घेतलं, विषय संपला. जाता जाता एक काम होतं. या सगळ्यात माझ्या वाचायच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, तरी एखादी हलकी फ्रेम बाजूला काढून ठेवावी. वहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा तसाच, उभ्याउभ्या.

तुमचा मेहुणा
(राखीव)

ता. क. फ्रेम नको. चष्म्याचा नंबर आहे तोच आहे.

ता. क. दुसरा. 'विषय संपला' असं वर लिहिलंय तेही तितकंसं खरं नाही. दुकानदाराकडून दोन स्लॅब एकाच वेळी निघाले आणि गडबडीत पत्त्यांची अदलाबदल झाली. माझ्या घरी तुमचं कार्ड आलं. दुकानदाराचा घाबराघुबरा फोन आला की चूक झाली, तुमचा मिशीवाला आमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे गेलाय आणि ते फार चिडलेत. फार सज्जन आहेत म्हणाला, चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. बाकी कुठलंच कार्ड घेत नाहीत, हे एकच दिसेल तिथून गोळा करतात, कशासाठी ते विचारलं तर त्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं. तर दादा, हे सगळं मला पत्र लिहायला घेतलं तेव्हाच माहीत होतं. बाराव्या गड्याविषयीची माझी मतं मी खोडू शकलो असतो, पण लिहिताना फार सुख झालं होतं.

ता. क. तिसरा, आणि हा तेवढा गिऱ्हाईक गेल्यावर वाचा. कार्ड मी भाचीला दाखवलं. दुसऱ्याची वस्तू न विचारता दाखवली, त्याबद्दल रागवायचं तर रागवा. कार्डात तुम्ही चेंडू छातीशी धरून उभे आहात, डोक्यावर केस आहेत (खूप आहेत, आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं बघितले) आणि तुम्ही मनापासून हसताय. आम्हाला वाटलं, आता पोरगी विरघळेल आणि हातमोजे मागेल. तिनं डबी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाली, हा तर आधीचा मामा आहे. अजून गोल व्हायचाय त्याच्यावर. मला हा नकोय, मला नंतरचा पाहिजे. तिला एवढंच विचारायचंय की त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मामानं काय केलं.

याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या बहिणीकडे नाही, आणि तुम्ही गोळा केलेल्या एकाही कार्डात नाही. कोचबाईंनी रविवारच्या सामन्यापर्यंत तिची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. मी तुमची एवढी थट्टा करतो, पण आज हात जोडून मागतो. तुम्ही परत कधी मैदानावर गेला नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. तेच सांगा तिला. फक्त मैदानावर येऊन सांगा.